कुशाबाईचे न संपणारे सोमवार

डिंगोऱ्यात सोळा सोमवार पुष्कळ बायकांनी केले, पण कुशाबाईचे सोळा सोमवार त्रेचाळीस झाले तरी संपायचं नाव घेईनात. पहिल्या खेपेला पंधराव्या सोमवारी व्रत मोडलं. दुसऱ्या खेपेला चौदाव्या. तिसऱ्या खेपेलाही चौदाव्याच. दर वेळी काय, तर चुकून मीठ तोंडात गेलं. व्रत मोडलं की पुन्हा पहिल्यापासून धरायचं, हा नेम. आळीतल्या बायका हळहळायच्या, महादेव बाईची परीक्षा बघतोय म्हणायच्या. दोघीतिघी तर येता-जाता तिच्या पाया पडायला लागल्या होत्या.

खरं सांगायचं तर महादेवाचा यात काडीचा संबंध नव्हता.

कुशाबाई देवभोळी बाई नव्हेच. अठ्ठेचाळीस वर्षांची, उंचीनं बेताची, आवाजानं मोठी. ओतूरच्या बाजारात ती कांदा घेऊन गेली की भाव पाडून बोलायची कुणा व्यापाऱ्याची छाती नव्हती. "आधी माल बघा, मंग तोंड उघडा," असं ती त्याला सुनवायची आणि तिचा नवरा गेणू मागं टेम्पोला टेकून कौतुकानं ऐकत राहायचा. गेणू त्रेपन्नचा, बोलायला कमी आणि हसायला पुढं. तीस वर्षांच्या संसारात दोघांची भांडणं झाली नाहीत असं नाही, पण अंथरुणात नेलेलं भांडण एकही नव्हतं. दिवा मालवला की दिवसभराची कुरबुर तिथंच मिटायची. गावाला हे ठाऊक असायचं कारण नाही, पण कुशाबाईला ठाऊक होतं आणि तिला त्याचा मनातून अभिमान होता.

मग पाळी गेली. सुटले एकदाची, म्हणून तिनं चक्क पुरणपोळ्या केल्या. पाळीबरोबर आणखी काय काय जातं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. अंगातून वाफा निघायला लागल्या, त्याचं तिनं फारसं मनावर घेतलं नाही. पदरानं वारा घेतला की भागायचं. पण गेणू जवळ आला की आतून सगळं कोरडं. भेगाळल्या टाचेवर कुणी गोणपाट घासावं, तसं कोरडं. पहिल्यांदा तिनं दात आवळले. दुसऱ्यांदा उशीचं टोक मुठीत धरलं. लघवीला गेलं की जी चुरचुर सुरू व्हायची ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत. हळूहळू अशी वेळ आली, की गेणूनं नुसता खांद्यावर हात ठेवला तरी तिचं अंग आक्रसायचं. मन व्हायचं तेही बंद झालं, आणि तिला खरं भय वाटलं ते याचं. दुखणं सोसायला ती खंबीर होती. पण आपल्याला आपलाच माणूस नकोसा व्हायला लागला की काय, हा विचार तिला सोसवेना.

बाजारात शंभर माणसांपुढं बोलणाऱ्या बाईला हे एका माणसापुढं बोलता आलं नाही.

विचारलं तिनं एकदा, पण तेही ताकाला जाऊन भांडं लपवल्यासारखं. थोरली जाऊ प्रयागबाई शेजारच्याच घरात राहायची, दहा वर्षांनी मोठी. तिच्याकडं बसायला गेल्यावर इकडचं तिकडचं काढून कुशाबाई म्हणाली, "बाई, पाळी गेल्यावर खाली आग व्हती का वो?"

"व्हती की," प्रयागबाई म्हणाली. "घान साठती आत. तुरटीच्या पान्यानं धूत जा, रोज दोन टायमाला. साबन बी लाव." मग तिनं आवाज बारीक केला. "आन कुशे, घरात सून आली, नातू झाला. आता कशाला गं त्ये? सून आली की सासूनं अंथरून येगळं करायचं असतं. मला बारा वरसं झाली."

अंथरुणाचं कुशाबाईनं कानाआड केलं, तुरटी मात्र इमानानं चालू केली. तुरटीनं गढूळ पाणी निवळतं, दाढीचं कापलेलं आवळतं, मग इथंही काहीतरी गुण देईलच, असा तिचा हिशेब. गुण दिला तो असा, की होतं नव्हतं तेवढंही सुकून गेलं. महिनाभरात लुगड्याचा काठ लागला तरी झोंबायला लागलं. म्हणजे आगीतून उठून फुफाट्यात. तरी ती म्हणायची, अजून घाण निघाली नसेल, आणि तुरटीचा खडा पाण्यात आणखी चार वेळा फिरवायची.

अशात श्रावण आला. ओतूरला कपर्दिकेश्वराच्या यात्रेत बायकांच्या घोळक्यात बसून सोळा सोमवारांची कहाणी ऐकता ऐकता तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. घरी येऊन तिनं जाहीर करून टाकलं, "म्या सोळा सोमवार धरलेत. कडक हाईत. व्रत पुरं हुईस्तवर शेज येगळी."

गेणूनं तिच्याकडं जरा वेळ बघितलं, मान डोलावली आणि आपली वाकळ उचलून ओसरीवर नेली. एका शब्दानं कुरकुरला नाही. उलट ओतूरला गेला की सोमवारच्या फराळासाठी केळी आणि राजगिऱ्याचे लाडू आणायला लागला. कुशाबाई ते लाडू खायची आणि दर लाडू तिच्या घशात अडकायचा. पण जीव मुठीत धरून अंथरुणावर पडायचं थांबलं होतं, आणि त्या सुखापुढं लाडवाचं ओझं तिला परवडत होतं. मग सोळावा सोमवार जवळ यायचा, आणि मीठ चुकून तोंडात जायचं.

तिसऱ्या खेपेला ते कसं चुकतं हे गेणूनं डोळ्यांनी बघितलं.

जेठातला सोमवार होता, भर दुपार. गेणू मळ्यातून आला तो पाण्यासाठी तांब्या घेऊन थेट स्वयंपाकघराच्या दारात. कुशाबाई पाठमोरी होती. तिनं मिठाच्या बरणीत दोन बोटं घातली, खडा उचलला, जिभेवर ठेवला, नीट विरघळू दिला आणि मग मोठ्यानं ओरडली, "अगं बया! हर्षाली, पुन्यांदा मीठ गेलं बघ तोंडात!" सून हर्षाली परसातून धावत आली. कुशाबाई वळली तर दारात गेणू. त्यानं तांब्या खाली ठेवला आणि पाणी न पिताच निघून गेला.

संध्याकाळी त्यानं आपली खाट मळ्यात नेली. "चाळीत कांदा भरलाय, राखन पायजे," एवढंच म्हणाला.

आता त्या वर्षी जुन्नर तालुक्यात शुद्धीवर असलेला कुणीही माणूस मळ्यात एकटा झोपत नव्हता. उसातून बिबट्या निघत होता. आज या वस्तीवरचं कुत्रं, उद्या त्या गोठ्यातली शेळी. दिवेलागण झाली की लोक पोरांना घरात घेऊन दारं लावायचे. बिबट्या कांदा खात नाही हे काही गेणूला सांगायला नको होतं. मुलानं समजावलं, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी समजावलं. "मला कोन खातंय राव," असं म्हणून गेणूनं कांदा साठवायच्या चाळीशेजारच्या खोलीला चुना मारायला घेतला, कपड्यांना खुंट्या ठोकल्या, चुलीला तीन दगड मांडले. चार दिवसांच्या राखणीसाठी कुणी भिंतींना चुना मारत नाही. गडी कायमचा राहायला निघाला होता. कुशाबाईनं त्याला हातभर लांब ठेवायला व्रत धरलं होतं, आणि तो खरोखर लांब चालला तेव्हा तिच्या पायाखालची जमीन सरकली. तिला तो घरात हवा होता, ओसरीवर तरी हवा होता.

त्याच आठवड्यात नर्स बनाबाई नातवाला डोस द्यायला आली. उपकेंद्रात अठरा वर्षं काढलेली बाई. जिभेला लगाम नाही, आणि नजरेतून काही सुटत नाही. डोस झाला, पोर रडून थांबलं, हर्षाली त्याला घेऊन आत गेली. पेटी बंद करता करता बनाबाई म्हणाली, "कुशाबाई, तुमी अशा आखडून का बसलाय?"

"काय न्हाई सिस्टर. जरा आग हाय."

"कुठं?"

कुशाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. बनाबाईनं पेटी पुन्हा खाली ठेवली आणि तिच्यासमोर मांडी घातली. "पाळी जाऊन किती दिवस झाले?"

बस, एवढाच प्रश्न. कुशाबाई बोलायला लागली ती थांबेना. कोरडं पडणं, दात आवळणं, तुरटी, सोमवार, मीठ, मळ्यातली खाट, सगळं एका दमात. तुरटीचं ऐकून बनाबाईनं कपाळावर हात मारला.

"तुरटी? अवं, तुरटीनं चांगल्या धडधाकट बाईचं बी सुकंल! रोग रेड्याला आन औशिद पखालीला. उद्या जुन्नरला चला माझ्याबरोबर. तिथं बाई डॉक्टर आहेत."

"लोकं इचारतील, कशाला गेली म्हून."

"सांगा, सिस्टरनी नेलं. मग येऊ द्या मला विचारायला, बघते एकेकाकडं."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या यष्टीनं दोघी जुन्नरला गेल्या. दवाखाना बाजारपेठेतल्या एका बोळात होता. डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर चढवलेला, बोलणं सावकाश. त्यांनी हलक्या हातानं तपासलं, रक्त घेतलं, साखर बघायला सांगितली. मग हात धुऊन खुर्चीत बसल्या आणि पहिल्यांदा हेच म्हणाल्या, "कुशाबाई, आत घाण वगैरे काहीही नाही. ती जागा आपली आपण स्वच्छ राहते. बाहेरून साध्या पाण्यानं धुवायचं. तुरटी बंद, साबण बंद. आजपासून."

"मंग ह्ये झालं कशानं?"

"पाळी जाते तेव्हा शरीरात इस्ट्रोजेन नावाचं द्रव्य कमी होतं. योनीची त्वचा ओली, जाड आणि लवचीक राहते ती त्याच्यामुळं. ते कमी झालं की त्वचा पातळ होते, कोरडी पडते, मग दुखतं, आग होते. यात तुमची चूक नाही आणि मालकांचीही नाही. निम्म्या बायकांना तरी हे होतं."

"निम्म्या?" कुशाबाईनं बनाबाईकडं वळून बघितलं. "मंग कोन बोलत कसं न्हाई?"

"तुम्ही बोललात का?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मग त्यांनी छातीत कधी गाठ लागली होती का, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त गेलं का, हे विचारून घेतलं. गेलं तर एक दिवसही न थांबता यायचं, हे दोनदा बजावलं. दोन ट्यूब लिहून दिल्या. एक मलम, आतून लावायचं, पहिले दोन आठवडे रोज, मग आठवड्यातून दोन वेळा. त्याचा गुण सावकाश येणार, दोन-तीन महिने धीर धरायचा. दुसरी जेली, ती फक्त नवराबायको जवळ येतील तेव्हाची. संपली तर घरातलं साधं खोबरेल चालेल.

कुशाबाईनं चिठ्ठी घेतली, पण उठली नाही. "बाई, कोरड्याचं औशिद झालं. पन मनच व्हत न्हाई, त्याचं काय?"

डॉक्टरीणबाईंनी चष्मा कपाळावरून काढून टेबलावर ठेवला. "चुलीत हात भाजला, तर दुसऱ्या दिवशी हात आपणहून चुलीकडं जातो का? नाही जात. तुमचं मन शहाणं आहे, दुखतंय म्हणून पळतंय. आधी दुखणं जाऊ द्या. आणि आधी मन व्हायला हवं, असंही काही नाही. जवळ बसलं, बोललं, हात हातात घेतला, की मन कधी कधी मागून येतं. घाई करायची नाही. आता काही बायकांना या वयात ते नकोच असतं, त्यातही वावगं काही नाही. तुम्हाला हवं आहे का?"

"पायजे की!" कुशाबाई एवढ्या मोठ्यानं म्हणाली, की बाहेरच्या बाकावरचं बोलणं थांबलं.

डॉक्टरीणबाई हसल्या. "मग मालकांना सांगा. मलम तुम्हाला लावायचं आहे, पण निम्मं औषध त्यांच्या कानात घालायचं आहे."

परतीच्या यष्टीत बनाबाईला डुलकी लागली. कुशाबाई पिशवी छातीशी धरून मनातल्या मनात वाक्यं जुळवत होती. जुळेनात, तेव्हा तिनं तो नाद सोडला. भाव बोलताना कधी आधी वाक्यं जुळवली होती? डिंगोऱ्याला उतरली ती घरी न जाता सरळ मळ्यात गेली.

गेणू चाळीत बसून कांदे निवडत होता. सडका एकीकडं, चांगला एकीकडं. ती समोर बसली आणि तीही निवडायला लागली.

"खडा तुमी बघितला," ती म्हणाली.

गेणूनं हातातला कांदा उलटापालटा केला. "व्हय."

"मंग बोला की काय बोलायचं त्ये."

"काय बोलू? तुला माझा वीट आलाय. सरळ सांगायचं व्हतंस, म्या गुमान बाजूला झालो असतो. देवाला कशाला मधी घातलंस?"

त्यानं आवाज चढवला नव्हता. चढवला असता तर कुशाबाईला बरं वाटलं असतं.

"वीट न्हाई आला," ती म्हणाली. "दुखतंय मला."

"काय दुखतंय?"

आणि तिनं सांगितलं. इकडं तिकडं न बघता, न अडखळता, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तसं एकेक. गेणू ऐकत होता. त्याचे हात कधी थांबले ते त्यालाही कळलं नाही.

"कवापासनं?"

"पाळी गेल्यापासनं. दोन वरसं हुत्याल आता."

गेणूनं मनाशी काहीतरी ताडून बघितलं. "सोमवार धरून तर वरीस बी न्हाई झालं. म्हंजी त्याच्या आधी... मी जवळ येत व्हतो तवा?"

कुशाबाईनं मान डोलावली.

"दर टायमाला?"

"दर टायमाला."

गेणू उठला. चाळीच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन पाठमोरा उभा राहिला. संतापला, असं कुशाबाईला वाटलं. मग तिला त्याचे खांदे हलताना दिसले. त्याची आई गेली तेव्हा तो असा रडला होता, त्यानंतर आजच.

"वरडली का न्हाईस?" तो तिकडूनच म्हणाला. "ढकलून द्यायचं मला. लाथ घालायची. म्या सुखात हाय आन तू तिथं दात आवळून पडलीयास. म्या काय राक्षस हाय व्हय गं?"

"तुमाला वाईट वाटंल म्हून न्हाई बोलले."

"आन आता लई बरं वाटतंय मला!"

कुशाबाई कांदे निवडत राहिली, चांगले सडक्यांत टाकत राहिली. बऱ्याच वेळानं गेणू उपरण्यानं तोंड पुसत परत येऊन बसला.

"ती शेज येगळी," तो म्हणाला, "ती पोथीत न्हाई."

कुशाबाईनं वर बघितलं.

"पैल्याच म्हयन्यात हर्षालीकडनं पोथी वाचून घेतली म्या. तुला लागंल सवरंल त्ये आनून द्यावं म्हून. उपास हाय, चुरमा हाय, पूजा हाय. शेजंचं नाव बी न्हाई."

"मंग तवाच का न्हाई बोलला?"

"म्हनलं, ही कवा काय मागत न्हाई. देवाच्या नावानं का हुईना, मागतीय, तर देऊ." तो थांबला. "पन खडा बघितला तवा कळलं, तुला त्ये कवाच संपू द्यायचं न्हाई."

दहा महिने आपण मोठ्या हुशारीनं माणसाला फसवतोय या ऐटीत ती होती, आणि तो सगळं जाणून ओसरीवर झोपत होता, वर लाडू आणत होता. कुशाबाईला स्वतःची अशी लाज वाटली, की तिनं पदर तोंडावर घेतला आणि मन मोकळं होईपर्यंत रडली. गेणू सरकून तिच्या शेजारी बसला.

मग तिनं पिशवीतून मलमाची ट्यूब काढून त्याच्या हातावर ठेवली. त्यानं ती उलटसुलट बघितली. "म्हशीच्या सडाला लावायचं असतं त्यातलंच दिसतंय ह्ये."

"आता म्हैस म्हना मला!" कुशाबाई रडता रडता हसली.

दिवेलागणीच्या आत गेणूची खाट घरी परत आली. प्रयागबाई आपल्या दारात उभी होती. "आं? राखन सपली व्हय?" तिनं विचारलं.

"सपली," कुशाबाई म्हणाली. "आन बाई, ती तुरटी फेकून द्या. जुन्नरला डॉक्टरीणबाई हाईत, त्यांच्याकडं जावा." मग तिनं तिथंच, रस्त्यात उभं राहून, कशासाठी जायचं तेही सांगितलं. प्रयागबाईनं "लाज न्हाई मेलीला" म्हणून नाक मुरडलं. चौथ्या दिवशी परसाच्या दारानं येऊन तिनं जुन्नरची यष्टी किती वाजता असते ते हळूच विचारून घेतलं.

व्रत सोडून द्यायला मात्र गेणू तयार झाला नाही. सोळा सोमवार पुरे करायचे, आणि आता खरे करायचे, असं त्यानं बजावलं. कुशाबाईनं पुन्हा पहिल्यापासून धरले. मलम चालू होतं. पंधरा दिवसांत लुगडं झोंबायचं थांबलं, महिन्याभरात चुरचुर गेली. गेणू संध्याकाळी पारावर जायचा तो जाईनासा झाला आणि तिच्याजवळ शेंगा फोडत बसायला लागला. मधूनच तिचा हात हातात घ्यायचा आणि हर्षालीची चाहूल लागली की सोडायचा. लग्न झालं त्या वर्षीही तो एवढा लाजला नव्हता.

दोन महिन्यांनी पुन्हा दाखवायला जायचं होतं, तर हा स्वतःहून बरोबर निघाला. दवाखान्याच्या बाकावर सगळ्या बायका आणि मध्ये टोपी गुडघ्यावर ठेवून बसलेला गेणू. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, आतली त्वचा सुधारल्याचं सांगितलं, रक्तात साखर वगैरे काही नसल्याचंही सांगितलं. काही विचारायचं आहे का, म्हणाल्या, तर गेणू खाकरला.

"बाई, तिला दुखतंय ह्ये मला कळायचं कसं? ती सोसंल पन सांगनार न्हाई, अशी जात हाय तिची."

"मग तुम्ही विचारायचं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी मुलगा आणि हर्षाली बाळाला घेऊन हर्षालीच्या माहेरी गेले. दुपारची जेवणं झाली. गेणू ओसरीवर आडवा व्हायला निघाला तेव्हा कुशाबाईनं त्याला आत बोलावलं आणि दाराला कडी तिनंच घातली. जेली उशाशी तिनंच आणून ठेवली. घाई कसलीच नव्हती. ती कितीतरी वेळ नुसती त्याच्या दंडावर डोकं ठेवून पडली होती, आणि अंग आक्रसायची वाट बघत होती. ते आक्रसलं नाही.

"दुखतंय का?" गेणूनं विचारलं.

"न्हाई."

जरा वेळानं, "आता?"

"न्हाई वो."

तिसऱ्यांदा त्यानं विचारलं तेव्हा कुशाबाईला हसू आवरेना. "अवं, दुखलं तर वरडंन मी. सबंध आळीला ऐकू जाईल. आता तुमी थांबू नका."

आणि मग, तीस वर्षांच्या संसारात जे तिनं कधी तोंडानं म्हटलं नव्हतं, ते ती त्याच्या कानाशी स्पष्ट म्हणाली, "मला तुमी पायजे व्हता."

गेणूनं तिच्या कपाळावरचे केस मागं सारले.

"मंग," तो म्हणाला, "आलोय की."